बाराच्या आत : कृष्णाकाठच्या एका गावातील भिक्खुणी निवासाचे प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातले आहे. गावाचे, विहाराचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. भिक्खुणी म्हणजे दीक्षा घेतलेल्या बौद्ध साध्वी; त्यांच्या निवासाचा हिशेब आणि कागदपत्रे पाहणाऱ्या गटात मी सुरुवातीपासून आहे. आपल्या गावात भिक्खुणी संघ वसावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. आमच्याकडे श्रद्धा कमी पडली नव्हती, दानही कमी पडले नव्हते. तरीही एका ज्येष्ठ भिक्खुणीला मिरजेच्या दवाखान्यात दाखल करावे लागले. ते कसे घडले आणि पुढे काय केले, ते इथे मांडले आहे.

पार्श्वभूमी

गावातली बौद्ध वस्ती साठ-सत्तर घरांची. बहुतेक बाया रोजगाराला जाणाऱ्या: भांगलण, उसाची लावण, हंगामात द्राक्षबागेतली छाटणी आणि विरळणी. सकाळी साडेआठला टेम्पो येतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परत सोडतो. विहाराचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला. कार्यकारिणीत त्या वेळी एकही स्त्री नव्हती. वर्षावासातले (पावसाळ्यात भिक्खू-भिक्खुणींनी एका जागी राहायच्या काळातले) ग्रंथवाचन, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन हे सगळे मात्र बायांच्याच जोरावर चालायचे.

एका उन्हाळ्यात विहारात मुलींचे दहा दिवसांचे श्रामणेरी (प्राथमिक दीक्षेचे) शिबिर झाले. ते घ्यायला दोन भिक्खुणी आणि एक तरुण श्रामणेरी आल्या. भिक्खुणींना आदराने आर्याजी म्हणतात. ज्येष्ठ आर्याजी साठीच्या पुढच्या, दुसऱ्या आर्याजी चाळिशीतल्या. दोघी मराठवाड्यातल्या, दोघींची उपसंपदा, म्हणजे भिक्खुणीची पूर्ण दीक्षा, श्रीलंकेतली. शिबिर संपल्यावर महिला मंडळाने त्यांना वर्षावासासाठी थांबण्याची विनंती केली. पुढे तीच विनंती "इथंच राहा" अशी झाली.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण पुढचे गैरसमज त्यातूनच निघाले. बुद्धांच्या मावशी महाप्रजापती गौतमीपासून सुरू झालेला भिक्खुणी संघ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, श्रीलंकेत नेला. तिथून तो पाचव्या शतकात चीनमध्ये गेला. श्रीलंकेतली परंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास चोळांच्या स्वाऱ्यांच्या काळात खंडित झाली. चीन, कोरिया, तैवान, व्हिएतनाममध्ये ती टिकली. तिकडच्या भिक्खुणींच्या साहाय्याने १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला श्रीलंकेच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली. १९९८ मध्येच श्रीलंकेत दंबुल्ला येथे ही परंपरा पुन्हा सुरू झाली. थेरवादी (श्रीलंका, थायलंड अशा पाली परंपरेच्या) देशांतल्या अनेक भिक्खूंना हे पुनरुज्जीवन आजही मान्य नाही. थायलंडमध्ये स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई करणारा १९२८ चा संघादेश अजून रद्द झालेला नाही. म्हणजे पूर्ण उपसंपदा घेतलेली भिक्खुणी आपल्या गावात राहायला तयार होते तेव्हा तिच्यामागे भक्कम मठ नसतो, मोठा निधी नसतो, कधी कधी शेजारच्या विहारातल्या भन्तेंची (भिक्खूंची) संमतीही नसते. तिच्या पाठीशी असते ती वस्ती.

अडचण कुठे होती

पहिल्या वर्षावासात भोजनदानाची यादी विहाराच्या भिंतीवर लागली आणि दोन दिवसांत भरली. प्रत्येक घराला आपल्या वारी पक्वान्न करायची हौस. पण रोजगाराचा दिवस बुडवून अकराला ताट वाढणे प्रत्येकीला जमणारे नव्हते. मग सुट्टी काढलेल्या घरात पुरणपोळी, आणि ज्या घरात सुट्टी नाही तिथून पावणेबाराला धावतपळत आलेला डबा, असे व्हायला लागले. भिक्खुणींना मध्यान्हानंतर अन्न घेता येत नाही. हे सगळ्यांना ऐकून माहीत होते. पण पावणेबाराला आलेला डबा म्हणजे जेवायला पंधरा मिनिटे, हा हिशेब कुणी केला नव्हता.

दुसरी गोष्ट लसणाची. भिक्खुणींच्या नियमांत लसूण खाण्याला मनाई आहे. भिक्खूंना पातिमोक्खाचे (संघाच्या नियमसंहितेचे) २२७ नियम, भिक्खुणींना ३११; जे जास्तीचे आहेत त्यातलाच हा एक. आमच्याकडे आमटी, भाजी, चटणी, खर्डा, कशातच लसूण चुकत नाही. दोघी आर्याजी भाजी बाजूला ठेवायच्या आणि भात, दही, केळे एवढ्यावर उठायच्या. वाढणाऱ्या बाया म्हणायच्या, "आर्याजींचा आहार लई कमी हाय, तपस्वी हायत्या." कौतुकाने म्हणायच्या. या कौतुकातच कित्येक आठवडे गेले.

त्या बोलल्या का नाहीत? सगळे प्रकरण या प्रश्नापाशी येऊन थांबते. नातेवाईक नसलेल्या आणि आधी निमंत्रण न दिलेल्या माणसाकडे वस्तू मागायला विनयात (संघाच्या शिस्तीच्या नियमांत) कडक बंधने आहेत. आजारी असताना मागायला मुभा आहे; पण रोजच्या जेवणात "लसूण घालू नका, डाळ जास्त आणा" असे सांगणे या दोघींना मागण्यासारखेच वाटत होते. उपासकाने आधी स्वतःहून म्हणायचे असते की, आर्याजी, तुम्हाला अन्न, औषध, चिवर (दीक्षितांचे वस्त्र), निवास यातले जे लागेल ते माझ्याकडे मोकळेपणी सांगा. साधे निमंत्रण चार महिने चालते. नंतर ते नव्याने द्यावे लागते, किंवा कायमचे म्हणून द्यावे लागते. असे निमंत्रण आमच्यापैकी कुणीच दिलेले नव्हते. पाया पडलो, फुले वाहिली, पाकिटे पुढे केली, आणि त्या पैसे हातात घेत नाहीत म्हणून ती पाकिटे दानपेटीत गेली. आम्ही समजत होतो, काही बोलत नाहीत म्हणजे काही कमी नाही. त्या समजत होत्या, कुणी विचारत नाही म्हणजे यांची ऐपत एवढीच आहे.

भरीला कार्यक्रम होते. बारसे, साखरपुडा, पुण्यानुमोदन, गृहप्रवेश, प्रत्येकाला परित्राणपाठासाठी (मंगल-रक्षणाच्या सूत्रपठणासाठी) आर्याजी हव्यात. न्यायला मोटारसायकल यायची, आणि चालवणारा कुणाचा तरी मुलगा. भिक्खुणीला पुरुषाच्या मागे बसून जाता येत नाही, म्हणून त्या भर उन्हात चालत जायच्या. गुडघे दुखायला लागले ते तेव्हापासून.

तो रविवार

श्रावणातला रविवार. विहारात कार्यक्रम, सांगलीहून पाहुणे यायचे होते. भोजनदान भाषणांनंतर ठेवले होते. पाहुणे उशिरा आले, सत्कार लांबले. बाराला पाच कमी असताना श्रामणेरीने घड्याळाकडे पाहून एका कार्यकर्त्याला खुणावले, तो म्हणाला, "झालंच, शेवटचं भाषण हाय." ताटे आली तेव्हा बारा पन्नास झाले होते. ज्येष्ठ आर्याजींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आता राहू द्या, मुलांना वाढा." हॉलमध्ये पंगत बसली, तिघी त्यांच्या खोलीत गेल्या.

ज्येष्ठ आर्याजींना साखरेचा आजार होता आणि सकाळी त्यांनी गोळी घेतलेली होती. पोटात सकाळची पातळ पेज सोडून काही नव्हते. तीनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणे अडखळायला लागले. श्रामणेरी शेजारच्या आक्कांना हाक मारत धावली. आक्का गूळ घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. बारा वाजून गेलेत, आता द्यायचे कसे? खोलीत गेलेली दोन-तीन माणसेही तोच प्रश्न एकमेकांना विचारत उभी राहिली. दुसऱ्या आर्याजींनीच शेवटी ठणकावून सांगितले, "गूळ औषधात धरलाय. पाण्यात घाला आणि द्या!"

त्यांचे बरोबर होते. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-साखर ही पाच विनयात औषध म्हणून मोजली जातात. आजारी भिक्खुणीला ती दुपारनंतरही चालतात, आणि एकदा रीतसर हातात दिली की सात दिवस जवळ ठेवता येतात. गुळाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, गूळ हातात असताना, आमची माणसे ते द्यावे की नाही या विचारात उभी होती. मोलाची काही मिनिटे अशी गेली.

गुळाच्या पाण्याने त्या सावरल्या. पण गोळीचा असर उतरायला वेळ लागतो आणि साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून मिरजेला नेले. तिथे रात्रभर ठेवून घेतले. रक्तही कमी असल्याचे तिथेच कळले.

त्या रात्री आणखी एक पेच पडला. भिक्खुणीला एकटीने रात्र काढता येत नाही. दुसऱ्या आर्याजी दवाखान्यात सोबत राहिल्या, म्हणजे तो नियम सांभाळला गेला. पण मग इथे वीस-बावीस वर्षांची श्रामणेरी विहारामागच्या खोलीत एकटी. त्या खोलीला आतून नीट कडी नव्हती आणि न्हाणीघर बाहेर. मंडळातल्या तिघी अंथरूण घेऊन तिच्याकडे झोपायला गेल्या. कुणी ठरवून दिले नव्हते. मला वाटते, निवासाची खरी सुरुवात त्या तिघींपासून झाली.

समोरचे पर्याय

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. प्रथमच बायका सतरंजीवर मागे न बसता पुढे बसल्या. चार पर्याय मांडले गेले.

काहींचे म्हणणे होते की त्यांना सन्मानाने एखाद्या मोठ्या केंद्रात पोचवावे. इथे आपल्याच्याने निभत नाही. हे प्रामाणिकपणे मांडले गेले होते, त्यामागे भीती होती. पण भिक्खुणींसाठी असे केंद्र आहे कुठे? असेल तिथे जागा आहे का? याचे उत्तर बैठकीत कुणाकडेच नव्हते, त्यामुळे तो पर्याय बाजूला पडला.

विहारामागची खोली दुरुस्त करणे सगळ्यात स्वस्त होते. पण विहारात रात्री उशिरापर्यंत पुरुषांच्या बैठका चालतात आणि न्हाणीघराकडे जायची वाट हॉलमधूनच जाते. मंडळाने ठाम नकार दिला.

मिरजेत दवाखान्याजवळ खोली भाड्याने घेणे वैद्यकीयदृष्ट्या बरे होते. पण तिथे चालत जाता येईल एवढ्या अंतरात उपासकांची घरे नव्हती. रोजचे जेवण कोण नेणार?

चौथा पर्याय सगळ्यांना मोहात पाडणारा होता. मुंबईत स्थायिक झालेल्या एका उपासकाने गावातले आपले जुने घर बक्षीसपत्राने द्यायची तयारी दाखवली. चांगले चार खणांचे घर, अंगण, विहीर. फलकावर कोणते नाव घालायचे याचीही चर्चा सुरू झाली. मग एक म्हातारी म्हणाली, "एकोणीस साली तिथं माळ्यावर पाणी हुतं." २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर येतो तो नेमका वर्षावासातच, जेव्हा भिक्खुणींनी एका जागी राहायचे असते. पुरासारखे संकट आले तर वर्षावास मोडून हलायला विनयात मुभा आहे, दोष लागत नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी रात्रीत होडीने हलावे लागेल अशी जागा निवडण्यात काय अर्थ? शिवाय उताऱ्यावर दात्याच्या दोन बहिणींचीही नावे होती आणि त्यांना यातले काही माहीत नव्हते. नकार द्यायला जड गेले. दाता काही दिवस नाराज होता. पुढे त्यानेच भाड्याच्या घराची अनामत भरली.

शेवटी विस्तारित गावठाणात, २०१९ ला पाणी न चढलेल्या भागात, एका निवृत्त शिक्षिकेचा वरचा मजला भाड्याने घेतला. स्वतंत्र जिना, आत न्हाणीघर, खाली घरमालकीण स्वतः राहणारी. वस्तीपासून चालत दहा मिनिटे.

पिंडपात की डबा

जेवणाचा प्रश्न यापेक्षा अवघड निघाला. बैठकीनंतर मंडळाच्या चौघी आर्याजींकडे गेल्या आणि दुसऱ्या आर्याजींनी समजावल्याप्रमाणे रीतसर निमंत्रण दिले: अन्न, औषध, चिवर, निवास, प्रवास, जे लागेल ते मंडळाला सांगावे, हे निमंत्रण कायमचे. ज्येष्ठ आर्याजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग एक सांगते. तुम्ही सुट्टी काढून स्वयंपाक करू नका. सकाळी साडेसातला तुम्ही स्वतःसाठी भाकरी-भाजी करताच. आम्ही पात्र घेऊन येतो. त्यातलंच घाला."

बायांना हे एकदम पटले. त्यांच्या दिवसात ते चपखल बसत होते. विरोध आला तो म्हाताऱ्या पुरुषांकडून, आणि तो समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही.

महार वतनाच्या काळात येसकराची पाळी असे. काठी घेऊन गावभर फिरायचे, गावकी करायची आणि संध्याकाळी दारोदार उभे राहून भाकरी गोळा करायची. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाने लहानपणी बापाला भाकरी मागताना पाहिलेले आहे. अशाच एका काकांनी बैठकीत उठून सांगितले, "माझ्या बापानं काखंत फडकं मारून भाकरी आणली. शिळी, खरकटी. बाबासाहेबांनी ते फडकं टाकायला लावलं. आता आपल्याच लेकीबाळी भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या तर गाव काय म्हणंल?" हॉलमध्ये कुणी बोलेना.

ज्येष्ठ आर्याजींनी त्यांना खोडून काढले नाही. त्या एवढेच म्हणाल्या की, येसकराला भाकरी गाव देई ती राबवून घेतल्याबद्दल, आणि नाकारायचा हक्क त्याला नव्हता. भिक्खुणी कुणाच्या हुकमाने येत नाही, तोंडाने मागत नाही, दार बंद असेल तर पुढे जाते. आणि मग म्हणाल्या, "पण काका, तुमच्या दारावरनं जाताना तुम्हाला त्रास होणार असेल तर तो त्रास खरा आहे. तुम्ही सांगा कसं करायचं."

तासाभराच्या चर्चेनंतर ठरले ते असे. आठवड्यातून तीन सकाळी पिंडपात, म्हणजे पात्र घेऊन दारोदार अन्न स्वीकारणे, फक्त वस्तीत, आणि ज्या घरांनी आधी नाव दिले त्याच गल्ल्यांतून. बाकीच्या चार दिवशी डबा. पिंडपाताला सगळ्या दारांसमोरून जाण्याची पद्धत आहे, त्यामुळे ही तडजोड आर्याजींनाही सोपी नव्हती. त्यांनी ती मान्य केली. काकांनी शेवटपर्यंत मान्य केले नाही. पिंडपाताच्या सकाळी ते आजही दार लोटून आत बसतात. निवासाचे वीजबिल मात्र तेच भरतात, आणि पावती मंडळात नेऊन देतात.

प्रत्यक्ष काय केले

डब्यासाठी वेळ ठरली: घरून दहाला निघायचा, साडेदहाला निवासावर पोचायचा. नेणारी जोडी ठरलेली, त्यात एक तरी बाई हवीच. डबा जिन्यात ठेवून निघून यायचे नाही. हातात द्यायचा, कारण हातात दिल्याशिवाय भिक्खुणींना ते अन्न घेता येत नाही. कोरडे धान्य पोत्याने देण्याची सूचनाही आली होती. पण कच्चे धान्य मागून घेऊन स्वतः रांधून खाणे भिक्खुणींना वर्ज्य आहे, म्हणून पिठाची गिरणी आणि गॅस निवासात आणायचा नाही असे ठरले. भाजीला लसणाऐवजी जिरे, आले, हिंग. कडधान्य रोज. प्रत्येक पौर्णिमेनंतरच्या सोमवारी गूळ, तूप आणि मध नव्याने हातात द्यायचे, आणि सात दिवस झाले की पुन्हा.

मध्यान्ह म्हणजे नेमके केव्हा, हाही प्रश्न सुटला. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले. सांगली साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराला: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमारास, फेब्रुवारीत पाऊण वाजायला आलेला असताना. शिक्षिकाबाईंनी महिन्यांचा तक्ता करून दिला. तो कसा वापरायचा हे आम्ही ठरवले नाही. आर्याजींनी आपल्या गुरुभगिनींना विचारून सांगितले की त्या नेहमी घड्याळातले बाराच धरतील आणि प्रवासात किंवा दवाखान्यात अडकल्या तरच सूर्याची वेळ पाहतील. विहाराच्या कार्यक्रमपत्रिकेवर मात्र आता पहिली ओळ ठरलेली असते: भोजनदान साडेदहा वाजता. भाषणे त्यानंतर.

पैशासाठी ट्रस्टच्या नावाने वेगळे खाते उघडले आणि सही करायला दोन बायका. घरटी महिना शंभर रुपये, ज्याला जमेल त्याने जास्त. भिक्खुणींच्या हातात पाकीट द्यायचे नाही, खात्यात भरायचे. काय लागते ते आर्याजी मंडळाच्या प्रमुखांना सांगतात आणि वस्तू येते. सही करण्यासाठी बायका कार्यकारिणीत हव्यात, म्हणून तीन जागा भरल्या आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला. तो नव्वद दिवसांत द्यावा लागतो. दोन पदाधिकाऱ्यांना हे पटले नव्हते. त्यांच्याशी बराच वेळ बोलावे लागले.

कार्यक्रमांना नेण्यासाठी रिक्षा, आणि आठवड्यात एकच कार्यक्रम. आधी औषधांची चौकशी, मग होकार. मिरजेच्या डॉक्टरांना जेवणाच्या वेळा लिहून दिल्या तेव्हा त्यांनी गोळीची वेळ आणि प्रमाण बदलले. इतके दिवस त्यांना कुणी सांगितलेच नव्हते की ही बाई दुपारनंतर काही खात नाही. आधार कार्डावर ज्येष्ठ आर्याजींचे दीक्षेआधीचे नाव आणि मराठवाड्यातला पत्ता होता, त्यामुळे दाखल करताना खोळंबा झाला होता. राजपत्रात नावबदल करून कार्ड दुरुस्त करून घेतले.

पुराचीही तयारी केली. आयर्विनची पातळी ३५ फुटांवर गेली की आर्याजींनी कुठे जायचे, कुणाची गाडी, सोबत कोण, हे कागदावर लिहून शिक्षिकाबाईंच्या दाराआड लावले आहे. इशारा पातळी ४० फुटांची. तोवर थांबायचे नाही, कारण तेव्हा गावचा रस्ता गेलेला असतो.

आसनाचा वाद

एक प्रसंग स्वतंत्र सांगायला हवा. वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमाला बाहेरून आलेल्या एका भन्तेंनी मंचावर भिक्खुणींचे आसन पाहून विचारले, "यांची उपसंपदा कोणत्या परंपरेची?" आणि त्यांना उपासिकांमध्ये बसवायला सांगितले. समितीतले काही जण लगेच खुर्च्या हलवायला उठले. मंडळाच्या प्रमुख पुढे झाल्या. "भन्ते, आर्याजी तुम्हाला वंदन करतील, विनयाप्रमाणे तुमच्यानंतर बसतील. पण चिवर घातलेल्यांना आम्ही उपासिकांत बसवणार नाही." आसन भन्तेंच्या आसनापेक्षा थोडे खाली आणि बाजूला राहिले, मंचावरच राहिले.

माझे मत स्पष्ट आहे. उपसंपदा वैध की अवैध हा संघाचा प्रश्न आहे आणि त्यावर जगभरचे विद्वान भिक्खू दोन्ही बाजूंनी बोलत आहेत. गावच्या समितीने त्याचा निकाल खुर्च्या हलवून लावायचा नसतो. शेजारच्या विहारातल्या वयस्कर भन्तेंनी मात्र दर पंधरवड्याला उपदेशासाठी वेळ दिला, आणि भिक्खू जवळ नसलेल्या ठिकाणी भिक्खुणींनी वर्षावास करू नये ही अटही त्यामुळे पाळता आली. त्यांचे ऋण मोठे आहे.

परिणाम

तिघी आजही तिथेच आहेत. ज्येष्ठ आर्याजींचे रक्त भरून आले, साखर बरीचशी आटोक्यात आहे, गुडघे तसेच आहेत. श्रामणेरीने उपसंपदेआधीचे दोन वर्षांचे शिक्षमाणा प्रशिक्षण सुरू केले आहे. उपसंपदेसाठी तिला पुरेशा संख्येने ज्येष्ठ भिक्खुणी असतील तिथे, बहुधा श्रीलंकेला, जावे लागेल. पासपोर्ट झाला आहे, प्रवासखर्चाची जमवाजमव चालू आहे. ती भिक्खुणी होऊन परतली तरी संख्या तीनच राहील, आणि संघकर्माला (संघाच्या औपचारिक विधींना) किमान चार लागतात. चौथ्या भिक्खुणीसाठी बोलणी चालू आहेत.

सगळे सुरळीत आहे असे नाही. द्राक्ष छाटणीच्या हंगामात टेम्पो सहालाच येतो, तेव्हा पिंडपाताची दारे कमी होतात आणि डब्याची जोडी मिळत नाही. महिना शंभर रुपये देणाऱ्या घरांची संख्या दुसऱ्या वर्षी घटली. शिक्षिकाबाईंच्या मुलाला वरचा मजला कधीतरी लागेल.  जागेचा प्रश्न खुला आहे.

वेगळे काय करता आले असते

निमंत्रण पहिल्या दिवशी द्यायला हवे होते. फुले वाहण्याआधी. ते तोंडी पुरते, पण आता आम्ही लिहूनही देतो, म्हणजे कोणाकडे काय सांगायचे हे आर्याजींना माहीत असते. वर्षावासाची विनंती करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला हवे होते: कोणते औषध चालू आहे, काय खाता येत नाही, रात्री सोबत कोण असते. या तीन प्रश्नांना पाच मिनिटे लागली असती.

जागा पाहण्याचे काम बायांकडे सुरुवातीपासून असते तर विहारामागची खोली कुणी सुचवलीच नसती. पिंडपाताचा विषय उघड्या बैठकीत काढण्याआधी त्या काकांच्या घरी जाऊन बोलायला हवे होते. चारचौघांत बापाची आठवण सांगावी लागणे त्यांना जड गेले. आणि आपत्तीच्या वेळी काय चालते, काय चालत नाही याचा एक कागद प्रत्येक घरात असायला हवा होता. तो आता आहे. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत गूळ, तूप, मध, तेल, लोणी लिहिले आहे, खाली रिक्षावाल्याचा आणि डॉक्टरांचा नंबर. शेजारच्या दोन गावांनी त्याची प्रत मागून नेली. एका गावात पुढच्या आषाढ पौर्णिमेपासून दोन भिक्खुणी वर्षावासाला येणार आहेत आणि तिथल्या मंडळाने जागा पाहायला आमच्या मंडळातल्या तिघींना बोलावले आहे.